हल्क भारी की सुपरमॅन? आधी जोड तर ठरवा

खासबाग मैदानात कुस्ती लावताना नुसतं 'हा भारी की तो' असं कुणी विचारत नाही. वजन किती, तयारी किती, गेल्या हंगामात कुणाकुणाशी लढलाय, कुस्ती निकाली की गुणांवर, एवढं ठरल्याशिवाय जोड लागत नाही. जोड चुकली तर पहिल्याच मिनिटाला एकजण अस्मान बघतो आणि लोक पंचांच्या नावानं ओरडतात. हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही कळतं. पण तेच पोर रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून हल्क आणि सुपरमॅनची कुस्ती लावायला लागलं, की सगळं शहाणपण विसरतं. एकजण म्हणतो, 'हल्कला जेवढा राग तेवढी ताकद, विषय संपला.' दुसरा म्हणतो, 'सुपरमॅन ग्रह ढकलतो भावा, नाद नाही करायचा.' मग ज्याचा आवाज मोठा त्याचा हिरो मोठा.

खरं तर या वादाची एक रीतसर पद्धत आहे. कॉमिक्सचे वाचक कित्येक वर्षं ती वापरत आलेत आणि तिचे शब्दही ठरलेले आहेत. 'फीट' म्हणजे पानावर प्रत्यक्ष करून दाखवलेला पराक्रम. 'कॅनॉन' म्हणजे अधिकृत धरली जाणारी कथा. 'स्केलिंग' म्हणजे एकाच्या ताकदीवरून दुसऱ्याची काढणं. 'आउटलायर' म्हणजे बाकी सगळ्या पुराव्यांशी विसंगत असा एखादाच प्रसंग. 'प्रेप' म्हणजे लढतीआधी तयारीला मिळालेला वेळ. एवढी पाच हत्यारं नीट वापरता आली तरी निम्मी भांडणं जागेवर मिटतात.

कोणता सुपरमॅन?

पहिला प्रश्न हाच. १९३८ साली 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात आलेला सुपरमॅन उडत नव्हता. तो उडी मारायचा. एक अष्टमांश मैल, म्हणजे सुमारे २०० मीटर लांब, किंवा वीस मजली इमारतीवरून पलीकडे. आगगाडीपेक्षा जोरात धावायचा, आणि फुटणाऱ्या तोफगोळ्यापेक्षा कमी कशानं त्याची कातडी भेदली जात नसे. डोळ्यांतून किरण नाहीत, त्याला दुबळं करणारा क्रिप्टोनाइट दगड नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लेखकांनी त्याला इतकं वाढवलं की तो ग्रह ढकलू लागला. मग त्याच्यापुढे संकट तरी कोणतं उभं करायचं, हा प्रश्न आला. शेवटी १९८६ साली त्याच्या प्रकाशकानं, डीसीनं, त्याची गोष्ट नव्यानं सुरू केली आणि ताकद मुद्दाम खाली आणली.

म्हणजे 'सुपरमॅन' हे एका मल्लाचं नाव राहिलं नाही, ते अख्ख्या तालमीचं नाव झालंय. मैदानात कोण उतरतोय ते आधी सांगा. हल्कचंही तेच. ज्याचा हल्क होतो त्या डॉ. बॅनरचं डोकं शाबूत असलेला हल्क वेगळा आणि भान सुटलेला वेगळा. खलनायकांच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. १९७३ साली आलेला थॅनोस आणि १९९१ च्या कथेत अफाट शक्तीची सहाही रत्नं हातमोज्यात बसवलेला थॅनोस यांची तुलनाच होऊ शकत नाही. पहिल्याला मारून हरवता येतं. दुसरा चुटकीसरशी निम्मं विश्व पुसतो. वादात 'थॅनोस' एवढंच म्हणून कुणी थांबला, तर तो गरजेप्रमाणे कधी हातमोजा घालणार आणि कधी काढणार, हे ओळखून असा.

सिनेमातला आणि कॉमिक्समधलाही एक समजू नये. दोन्हीकडचे पुरावे मिसळले की पांढऱ्या रश्श्यात तांबडा ओतल्यासारखं होतं. मग कशाचीच चव कळत नाही.

बोललेलं आणि केलेलं

दुसरी पायरी पुराव्याची. पुरावे ढोबळपणे तीन प्रकारचे: पात्रानं केलेली कृती, पात्राबद्दल कुणीतरी केलेलं विधान आणि प्रकाशकानं छापलेली माहिती. यांत कृती सगळ्यात वजनदार.

विधानांवर किती भरवसा ठेवायचा, हे कळायला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, पुरतो. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो भारतीय वाचकांच्या घरी आला, मराठीतूनही. जंगलातली माणसं काय म्हणतात? वेताळ शेकडो वर्षं जगतोय, तो मरत नाही. वाचकाला मात्र पहिल्यापासून माहीत असतं की हा एकविसावा वेताळ आहे आणि बापाचा मुखवटा मुलानं चढवलाय. आता एखाद्यानं त्या जंगलातल्या म्हाताऱ्याची साक्ष काढून 'वेताळ अमर आहे' असं म्हटलं, तर हसू येईल. पण थॉरबद्दल किंवा ग्रह खाणाऱ्या गॅलॅक्टसबद्दल कुणी पात्र भारावून काही बोललं, तर तेच वाक्य लोक पुरावा म्हणून पुढे करतात. चाचा चौधरींचा मेंदू संगणकापेक्षा वेगानं चालतो आणि साबूला राग आला की गुरू ग्रहावर ज्वालामुखी फुटतो, हीसुद्धा विधानंच. त्यावरून साबूच्या रागाची ऊर्जा मोजायला बसणारा माणूस हुशार असेल, पण त्याला विनोद कळला नाही.

छापील माहितीत हल्क-स्पायडरमॅनच्या प्रकाशकाचं, मार्व्हलचं, 'ऑफिशियल हँडबुक' महत्त्वाचं. १९८३ पासून ते निघू लागलं आणि त्यात प्रत्येकाची उचलण्याची ताकद टनांत दिली होती. स्पायडरमॅन १० टन. हल्क आणि थॉर 'क्लास १००', म्हणजे १०० टन किंवा त्याहून जास्त. गोची त्या 'किंवा त्याहून जास्त'मध्ये आहे. हा वरून उघडा असलेला वजनगट आहे. १०५ टनवाला आणि डोंगर उचलणारा एकाच रांगेत उभे. दोघेही क्लास १०० आहेत म्हणून बरोबरीचे आहेत, असं म्हणता येत नाही.

टनाचंही बघून घ्या. अमेरिकन टन ९०७ किलोचा, आपला मेट्रिक १,००० किलोचा. स्पायडरमॅनचे १० टन म्हणजे आपले ९ टन ७० किलो. उसानं भरलेली ट्रॅक्टरची एक ट्रॉली साधारण एवढीच भरते. फरक फार नाही, पण पुढे अब्जांत गेलो की तो वाढतो.

हिशोब कसा करायचा, आणि कुठे फसतो

इथे खरी मजा आहे, आणि खरी लबाडीही.

सोप्यापासून सुरू करू. वीस मजली इमारत म्हणजे मजल्याला ३ मीटर धरून ६० मीटर. तेवढं वर जायला जमीन सोडताना वेग लागतो सेकंदाला सुमारे ३४ मीटर, म्हणजे ताशी १२३ किलोमीटर. हा वेग कुठून आला? गुडघे वाकवून जोर लावतानाच्या अंतरातून. ते अंतर अर्धा मीटर धरा. मग एक साधा भागाकार पुरतो: उडीची उंची भागिले वाकण्याचं अंतर. ६० भागिले ०.५ म्हणजे १२०. शरीराच्या वजनाच्या १२० पट जोर, आणि स्वतःचं वजन पेलायला आणखी एक पट. माणूस १०० किलोचा असेल तर पाय सुमारे १२ टनांनी जमीन दाबतायत. १९३८ चा सुपरमॅन हा एवढा. उसाची ट्रॉली आणि वर थोडंसं.

आता मोठं उदाहरण. १९८४ च्या 'सीक्रेट वॉर्स'च्या चौथ्या अंकात मॉलेक्यूल मॅन नावाचा खलनायक सगळ्या नायकांवर अख्खी पर्वतरांग टाकतो आणि हल्क ती पेलून धरतो. वजन दिलंय १५० अब्ज टन. अमेरिकन टन धरले तर आपले सुमारे १३६ अब्ज, म्हणजे १३,६०० कोटी टन. खडकाची घनता घनमीटरला २.७ टन धरली तर हा सुमारे ५० घनकिलोमीटर दगड झाला. लांबी, रुंदी, उंची तिन्ही ३.७ किलोमीटर असलेला ठोकळा. राधानगरी धरण साधारण ८.३ टीएमसीचं. ते काठोकाठ भरलं की पाण्याचं वजन होतं सुमारे २३.५ कोटी टन. तशी जवळपास ५८० धरणं हल्कच्या खांद्यावर.

म्हणजे हल्क १५० अब्ज टन उचलतो, असं लिहून टाकायचं? थांबा. डोंगर खाली कोसळला तेव्हा त्याच्या कडा जमिनीवर टेकल्या. सगळा भार हल्कवर नव्हता, मधल्या पोकळीवरच्या खडकाचा होता. तो किती, हे पानावर दिलेलं नाही. दुसरं म्हणजे ते उचलणं नव्हतं, धरून ठेवणं होतं. भरलेलं पोतं जमिनीवरून उचलणं आणि कुणी पाठीवर ठेवलेलं पोतं पेलणं यातला फरक मार्केट यार्डातल्या हमालाला विचारा. तिसरी गोष्ट हल्कचे समर्थक पटकन विसरतात: सोबतचा शास्त्रज्ञ नायक रीड रिचर्ड्स त्याला मुद्दाम टोचून बोलत होता, राग चढावा आणि ताकद वाढावी म्हणून. म्हणजे ही हल्कची रोजची ताकद नाही, चिथावल्यावरची आहे. हा पराक्रम प्रचंड आहे, खरा आहे, पण त्याला एकच आकडा चिकटवता येत नाही.

आणि खालची जमीन? दोन पावलांवर कोट्यवधी टन आले तर पावलं खडकात खिळ्यासारखी घुसतील. कॉमिक्स हे सरसकट माफ करतात, आपणही करायचं. मात्र एका बाजूला माफ केलं तर दुसऱ्या बाजूलाही करायला हवं. आपल्या हिरोसाठी भौतिकशास्त्र आणि दुसऱ्याच्या हिरोसाठी 'अहो, गोष्ट आहे ती', असं चालत नाही.

वेगाच्या हिशोबात तर भले भले आपटतात. याचा नमुना म्हणजे डीसीच्या नायकांच्या संघाचं कॉमिक 'जेएलए', २००३ चा अंक ८९. उत्तर कोरियातल्या चोंगजिन शहरावर अणुस्फोट होतोय आणि वेग हीच ताकद असलेला फ्लॅश ५ लाख ३२ हजार माणसांना एकेक करून, कधी दोन-दोन करून, ३५ मैल दूर टेकडीवर नेऊन ठेवतो. वेळ लागला ०.००००१ मायक्रोसेकंद. प्रत्येक वेळी दोघं धरली तरी २ लाख ६६ हजार खेपा, खेपेला येऊन-जाऊन ७० मैल. एकूण सुमारे ३ कोटी किलोमीटर. प्रकाशाला एवढं अंतर कापायला १०० सेकंद लागतात. भागाकार करा: फ्लॅशचा वेग प्रकाशाच्या एकावर तेरा शून्यं एवढ्या पट निघतो. फ्लॅशवाले हा आकडा झेंड्यासारखा मिरवतात. पण त्याच अंकात लिहिलंय की तो प्रकाशाच्या वेगाच्या केसभर खाली धावत होता! लेखकानं वेळेचा आकडा परिणामासाठी टाकला, भागाकार केला नाही, एवढंच. एकाच अंकात दोन आकडे भांडत असतील तर आपल्या सोयीचा उचलणं म्हणजे पंचानं एकाच पैलवानाचे गुण मोजण्यासारखं आहे. अशा वेळी दोन्ही बाजूला ठेवायचे आणि त्याच फ्लॅशच्या इतर अंकांत तो साधारण काय करतो ते बघायचं.

'गोळी चुकवली, म्हणजे गोळीपेक्षा वेगवान', ही आणखी एक पक्की चूक. पिस्तुलाची गोळी सेकंदाला साधारण ३५० मीटर जाते. नेमबाज ३० मीटरवर असेल तर गोळी पोचायला ०.०८६ सेकंद लागतात. तेवढ्यात डोकं २० सेंटिमीटर बाजूला न्यायचंय. लागणारा वेग: सेकंदाला २.३ मीटर, सावकाश पळण्याएवढा. अवघड आहे ती दखल घेण्याची गती, कारण साध्या माणसाला बघून नुसती हालचाल सुरू करायलाच ०.२ सेकंद लागतात. तोच नेमबाज ६ मीटरवर आणला तर वेग लागेल पाचपट, सेकंदाला जवळपास १२ मीटर. त्यामुळे चित्रात अंतर किती आहे हे न बघता काढलेला वेग फुकट. शिवाय नायक गोळी सुटल्यावर हलला की बंदुकीची नळी बघून आधीच सरकला, तेही बघा. बहुतेक वेळा दुसरंच असतं.

चित्रावरून मोजमाप काढताना आणखी एक सापळा. लांबी दुप्पट चुकली तर घनफळ आठपट चुकतं, कारण चूक तिन्ही बाजूंनी गुणली जाते. चित्रकारानं लांबवरची टेकडी जरा मोठी काढली की तुमचा खलनायक बसल्या जागी आठपट बलवान. स्फोटाच्या बाबतीतही 'ग्रह उडवला' याचे दोन अर्थ होतात. कवच फोडणं वेगळं आणि तुकडे पुन्हा एकत्र येणार नाहीत असे उधळणं वेगळं. पृथ्वीसाठी दुसऱ्याला सुमारे २ वर ३२ शून्यं एवढे ज्यूल लागतात. पहिल्याला त्याच्या कितीतरी खाली.

साखळी लावणारे

स्केलिंग हे कामाचं हत्यार आहे, पण धारदार. अमक्यानं तमक्याला हरवलं, तमका ढमक्याच्या बरोबरीचा, म्हणून अमका ढमक्यापेक्षा भारी. एक-दोन कड्यांपर्यंत ठीक. पुढे गेलात की गडबड.

१९८५ साली 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या अंक २६९ आणि २७० मध्ये स्पायडरमॅननं फायरलॉर्डला पाडलं. फायरलॉर्ड म्हणजे ग्रह खाणाऱ्या गॅलॅक्टसचा एके काळचा दूत, थॉरशी टक्कर देणारा. साखळी लावा: स्पायडरमॅन थॉरच्या वर गेला. पण त्याच स्पायडरमॅनशी किंगपिन हातघाईची मारामारी करतो, आणि किंगपिन म्हणजे जाडजूड पण साधा माणूस. मग किंगपिन थॉरला भिडणार? आउटलायर म्हणतात तो हाच. शेकडो अंक एक सांगतात आणि दोन अंक भलतंच, तेव्हा शेकडोंचं ऐकायचं. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. लीगमध्ये तळाचा संघ एखाद्या दिवशी पहिल्या नंबरच्या संघाला हरवतो. म्हणून कुणी गुणतक्ता उलटा टांगत नाही.

खलनायकांची साखळी आणखी कच्ची असते, आणि त्याचं कारण धंद्यात आहे. नवा खलनायक जबरदस्त वाटायला हवा, तर त्याच्याकडून एखाद्या नावाजलेल्याला पाडून दाखवायचं, ही लेखकांची जुनी युक्ती. डूम्सडेनं १९९२ मध्ये सुपरमॅनला ठार मारलं. पुढच्या कथांत त्याचा तो दरारा टिकला नाही. उलट डॉक्टर डूमसारखा मुरलेला खलनायक फालतू माणसाकडून हरला, तर नंतर खुलासा येतो की तो डूम नव्हताच, त्याचा यंत्रमानव होता. १९९१ साली स्क्विरल गर्ल नावाच्या मुलीनं खारींची फौज सोडून डूमला पळवून लावलं होतं. कथा विनोदी, मुलगी गोड, पण डूमची ताकद मोजायला ती काढू नका.

'त्याला मर्यादाच नाही'

हल्कच्या रागाला मर्यादा नाही, म्हणून त्याच्या ताकदीला नाही. जगरनॉट नावाचा खलनायक एकदा निघाला की काही अडवू शकत नाही. ही वाक्यं ऐकली की विचारायचं: कुठपर्यंत दाखवलंय? दाखवलं आहे तिथपर्यंत मान्य, पुढचं उधारीवर. जगरनॉटचीच गोष्ट घ्या. १९८२ मध्ये 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या अंक २२९ आणि २३० मध्ये स्पायडरमॅननं ठोसे, जाळं सगळं करून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी जगरनॉट स्वतःच्याच वजनानं एका इमारतीच्या पायाच्या ओल्या काँक्रीटमध्ये रुतत खाली गेला. न अडणाऱ्याला अडवायला कुणी नाही लागलं, न वाळलेलं सिमेंट पुरलं.

हल्कबाबतही राग वाढायला वेळ लागतो, हे लक्षात घ्या. पहिल्या सेकंदाचा हल्क आणि दहाव्या मिनिटाचा हल्क वेगळे. समोरचा पहिल्या सेकंदात कुस्ती निकाली करू शकतो का, हा खरा प्रश्न.

अटी

या थोडक्यात उरकता येतात, पण लिहून ठेवा. सुरुवातीचं अंतर किती? एकमेकांची माहिती आहे का? प्रेप किती? बॅटमॅनला एक महिना दिला तर तो कुणासाठीही उतारा तयार ठेवेल. रस्त्यात अचानक गाठला तर तो चपळ, चिलखत घातलेला माणूसच आहे. स्वभाव कायम ठेवायचा की मारायचं म्हणूनच उतरायचं? सुपरमॅन स्वभावतः हात राखून लढतो, त्यामुळे या एका अटीवर निकाल फिरतो. आणि जिंकणं म्हणजे काय? मातीत दोन्ही खांदे टेकले की चितपट, तसं इथे काय: बेशुद्ध करणं, बांधून ठेवणं की मैदानाबाहेर फेकणं?

'शेवटी लेखक ठरवेल तोच जिंकणार' हे उत्तर खरं आहे आणि निरुपयोगीही. कधी तर लेखकसुद्धा ठरवत नाही. १९९६ मध्ये मार्व्हल आणि डीसीनं मिळून लढती लावल्या तेव्हा त्यातल्या पाच वाचकांच्या मतांवर सोडल्या होत्या. सुपरमॅननं हल्कला हरवलं, बॅटमॅननं कॅप्टन अमेरिकाला. इथवर ठीक. पण स्टॉर्मनं वंडर वुमनला आणि वुल्व्हरिननं लोबोला हरवलं, हे ताकदीनं पटणं कठीण. ती लोकप्रियतेची मोजणी होती. त्या निकालांचा दाखला देणाऱ्याला निवडणूक आणि कुस्ती यातला फरक सांगावा.

एक जोड लावून बघू

१९३८ च्या पहिल्या अंकातला सुपरमॅन विरुद्ध हँडबुकातला स्पायडरमॅन. अंतर ३० मीटर, प्रेप नाही, ओळख नाही, दोघेही आपापल्या स्वभावानं लढणार. बेशुद्ध किंवा बांधला गेला की कुस्ती संपली.

सुपरमॅनचे पाय १२ टनांचे, हे वर काढलंच. हातांचा पुरावा मुखपृष्ठावर आहे: डोक्यावर उचललेली मोटार, त्या काळची म्हणजे दीड टनाच्या आसपास. स्पायडरमॅनचे हात ९ टनांचे. सरळ धावण्यात सुपरमॅन पुढे, पण स्पायडरमॅनला धोका आधी जाणवतो, त्यामुळे सुपरमॅनची पहिली झेप बहुधा हुकणार. स्पायडरमॅनच्या ठोशांचा उपयोग किती? तोफगोळ्याखेरीज कशालाच न जुमानणारी कातडी आहे, तेव्हा फारसा नाही. उरलं जाळं. हँडबुक सांगतं की त्याचा ताण सोसण्याचा जोर चौरस मिलिमीटरला १२० पौंड, म्हणजे ५४ किलो. एक सेंटिमीटर जाडीच्या दोराचं छेदक्षेत्र ७८ चौरस मिलिमीटर, म्हणजे एक दोर सुमारे सव्वाचार टन धरतो. पायांचे १२ टन अडवायला तीन दोर, हातांना एक पुष्कळ.

तेव्हा दहापैकी सात कुस्त्या स्पायडरमॅनच्या. उरलेल्या तीन सुपरमॅनच्या, पहिल्याच झेपेत हात लागला तर. यावर चिडून कुणी १९३९ चे अंक काढून आणले, तर जोड बदलली. कागद उलटा करा आणि अंतरापासून पुन्हा लिहायला घ्या.